सगळ्या उताऱ्यांना पुरणारं वाक्य

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला. त्यातला बराचसा माझ्याच अंगावर शेकला, त्यामुळे त्याचा जाब मी कुणाला देत बसत नाही. एक मात्र दुसरीच्या अंगावर शेकला. मी एका बाईला एक वाक्य पाठ करून दिलं. ‘माणसाने खडतर परिश्रम केल्याशिवाय त्याला जीवनात यश मिळत नाही, हा अनमोल संदेश प्रस्तुत उताऱ्यातून लेखकाने दिला आहे.’ आणि तिला बजावलं, की उतारा कसलाही येऊ दे, मध्यवर्ती विचार विचारला की डोळे मिटून हेच लिहायचं.

मार्चमध्ये बारावीच्या मराठीच्या पेपराला तिनं ते लिहिलं. मी रोह्याला परीक्षा केंद्राच्या फाटकाशी ताकाची बाटली घेऊन उभी होते. ती हसत बाहेर आली.

"बाई, आपलं वाक्य आलं. तीन ठिकाणी आलं."

मीही हसले. प्रश्नपत्रिका तिच्या हातात होती. ती मी मागितलीसुद्धा नाही. ताक प्यायला दिलं, पाठीवर थाप मारली आणि पेणची एसटी पकडली. मागे वळून त्या फाटकाशी उभ्या असलेल्या बाईकडे बघते तेव्हा तिच्या हातातली ती बाटली काढून घेऊन तिच्याच डोक्यावर ओतावीशी वाटते.

तेव्हा मी तरुण होते, म्हणजे एकसष्टची. रोह्याच्या एका शाळेत जन्मभर मराठी शिकवून रिटायर झाले होते आणि पेणला रामवाडीत घर घेऊन राहात होते. रिटायर झालेल्या मास्तरणीला दोन रोग होतात, गुडघ्याचा आणि समाजसेवेचा. मला दोन्ही झाले. गुडघ्याला तेल लावत होते. समाजसेवेसाठी शनिवार-रविवार एसटीनं उलट रोह्याला जायचे, कुंडलिकेचा पूल ओलांडून अष्टमीत. तिथे एका कापडाच्या दुकानाचा वरचा माळा मालकानं फुकट वापरायला दिला होता. शाळा अर्धवट सुटलेली मोठी माणसं तिथे येत. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसायची ही माणसं. कुणाचं लग्नात सुटलेलं, कुणाचं बापाच्या आजारपणात.

त्यातली दोन माणसं या गोष्टीत आहेत. एक धाटावच्या कंपनीत गेटवर बसणारा सिक्युरिटी गार्ड. पन्नाशीचा, खाडीकाठच्या गावचा, बाप मिठागरावर काम करून गेलेला. शिफ्ट सुटली की युनिफॉर्मवरच यायचा आणि मागच्या बाकावरून वर्गाची चेष्टा करायचा. दुसरी ती, जिला मी वाक्य दिलं. अष्टमीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक कातकरी वाडी आहे, तिथल्या अंगणवाडीत ती मदतनीस होती. सकाळी घरोघर फिरून पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची. वय चाळिसाच्या अलीकडे. आवाज इतका हळू, की मला वाटायचं ही सारखी माफी मागतेय.

अंगणवाडीची सेविका त्या वर्षी रिटायर होणार होती. ऑफिसात सांगितलं होतं, की मदतनीस बारावी पास असेल तर जागेवर पहिला हक्क तिचा. नसेल तर जाहिरात निघेल आणि गावातली कुणीही पदवीधर सून येऊन खुर्चीवर बसेल. मदतनीस जन्मभर तिच्या हाताखाली खिचडी ढवळेल. तिनं मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पगाराचं बोलली नाही. म्हणाली, "बाई, आमची पोरं घरात आमची बोली बोलतात. सेविकाबाई पोराला विचारते तुझं नाव काय, पोर रडायला लागतं. मग मी बोलीत विचारते. मी खुर्चीवर बसले तर पोरगं रडणार नाय."

इतकं स्वच्छ जिला सांगता येतं, तिला मी मध्यवर्ती विचार पाठ करून दिला.

का दिला, तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी आळशी होते. मी आळशी नव्हते, मी यशस्वी होते. ते जास्त वाईट. शाळेत माझ्या विषयाचा निकाल चांगला लागायचा, आणि तो या वाक्यावर लागायचा. शाळेतले पेपर मी स्वतःच तपासायला बसायचे ना. गठ्ठा उंच, पंखा बंद, चहा गार. ‘परिश्रम’ आणि ‘अनमोल संदेश’ एका ओळीत दिसले की उतारा न बघता गुण टाकायचा आणि पान उलटायचं. म्हणजे मी शिकवायचं, मीच तपासायचं आणि मीच म्हणायचं की काय हुशार पोरं आहेत. एखाद्या शहाण्या पोराला कधी वेगळं सुचलं असेल तर त्याला मी बहुतेक अर्धा गुण कमीच दिला असेल. आता ते पोर भेटू नये एवढीच इच्छा.

मे महिन्यात निकाल लागला. तिचा फोन आला.

"बाई, मराठीत राहिले."

"आणि बाकी?"

"बाकी सगळे निघाले. इंग्लिशबी निघालं. मराठीत तीन मार्क कमी पडले."

मला वाटलं मोबाइलवर चुकीचं दिसतंय. मग गार्डचा फोन आला. तो पास. मराठीत चक्क बऱ्यापैकी.

"तू वाक्य लिहिलंस ना?" मी विचारलं.

"नाय ओ बाई. ऐनवेळी इसरलो. ‘खडतर’पर्यंत आठवलं, पुढं कायच नाय. मग काय करणार, उतारा वाचला."

"उतारा काय होता?"

"एक म्हातारा होता. रिटायर. दुपारभर ओट्यावर बसून चिंचेकडं बघायचा. लिवणारा बोलतो, आपण सगळे धावून धावून फुकट गेलो, असं नुसतं बसायला जमलं पायजे. मी लिवलं, म्हातारा रिकामा बसतो तेच बरं करतो असं लेखकाला वाटतं. गेटवर बसून बसून मलाबी तसंच वाटतं ना."

मी फोन ठेवला. आमचे हे खुर्चीत बसून पेपर वाचत होते, त्यांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, काही नाही. रिकाम्या बसलेल्या म्हाताऱ्याखाली तिनं माझं खडतर परिश्रमाचं वाक्य लिहिलं होतं. कवितेखाली लिहिलं होतं. आणखी एका ठिकाणी लिहिलं होतं. तीन ठिकाणी शून्य आणि तीन मार्क कमी.

जुलैमध्ये पुरवणी परीक्षा होती. सेविका ऑगस्टअखेर जाणार होती. मी तिला फोन केला आणि मोठ्या रुबाबात म्हटलं, "घाबरू नको गो, आपण नव्यानं सुरुवात करू." घाबरले होते मी.

जूनमध्ये आठवड्यातून चार दिवस जायला लागले. पेणहून निघालं की वडखळला अडकायचं, हायवेवर खड्ड्यात अडकायचं, नागोठण्याला अडकायचं, आणि भिसे खिंड उतरून रोह्यात पोचेपर्यंत गुडघ्यात आणि मनात सारखीच कळ. वाटेत मी उतारे निवडायचे. माळ्यावर ती पाटावर बसवल्यासारखी ताठ बसलेली असायची. गार्ड पास झाला होता तरी यायचा. सोबत म्हणून, असं म्हणायचा.

मी तिचं वाक्य काढून घेतलं होतं, पण त्याच्या जागी काय द्यायचं ते मला माहीत नव्हतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. मी म्हणायचे, "मध्यवर्ती विचार म्हणजे उताऱ्याचा गाभा." ती मान डोलवायची. मी म्हणायचे, "गाभा म्हणजे सार." ती पुन्हा मान डोलवायची. "सार म्हणजे आशय." मागून गार्ड म्हणाला, "बाई, एकाच माणसाची चार नावं सांगताय, माणूस कुठं हाय?"

तिनं आधी पहिली ओळ उतरवून दिली. मी नाही म्हटलं. मग शेवटची ओळ दिली. मग सगळ्या ओळींखाली पेन्सिलनं रेघा मारल्या, एकही सुटली नव्हती. पाण्यावरचा उतारा दिला तर लिहिलं, ‘पाणी’.

"पाण्याबद्दल काय?"

"पाणी हे जीवन आहे."

"तसं त्यात कुठे लिहिलंय?"

"एसटी स्टँडवर लिवलंय."

मला हसू यायला हवं होतं. आता येतं. त्या दिवशी बाहेर पाऊस पत्र्यावर आपटत होता, परीक्षा तोंडावर होती, आणि मला एकदम असं वाटलं, की ही पास होणार नाही, ती खुर्ची जाणार, आणि ती माझ्यामुळे जाणार. माणूस घाबरला की ओरडतो. मास्तरीण घाबरली तर विचारू नका.

"अगं, तुला मराठी येते की नाही?" मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. खालच्या दुकानात गिऱ्हाईक होतं, तेही गप्प झालं.

तिनं पेन्सिल पिशवीत ठेवली. पिशवीचा बंद ओढला.

"नाय येत बाई," ती म्हणाली. "घरात आमची बोली येगळी हाय. मराठी मी शाळेत शिकले. तुमच्यासारख्या बायांनीच शिकवली."

आणि जिना उतरून गेली. गार्डनं खिडकीतून खाली बघितलं. मग टोपी घालत म्हणाला, "बाई, आमच्या कंपनीत सायरन वाजला की आधी गेट उघडतात. मग कोणाची चूक ते बघतात." आणि तोही गेला.

पुढचे दोन वर्ग ती आली नाही. फोन उचलला नाही. मी रामवाडीच्या घरात उतारे पसरून बसायचे आणि स्वतःच मध्यवर्ती विचार लिहून बघायचे. सांगायला लाज वाटते, पण लेखणी आपोआप ‘परिश्रम’कडे वळायची. एका उताऱ्याखाली तर मी ‘अनमोल’ असं लिहूनच टाकलं आणि मग उतारा वाचला. चुलीवरच्या भाकरीबद्दल होता. आमचे हे म्हणाले, एवढी काळजी वाटते तर जाऊन ये तिच्या घरी. मी म्हटलं, तिला आवडणार नाही. ते म्हणाले, "तिला आवडावं म्हणून जाणारेस, की ती पास व्हावी म्हणून?" चाळीस वर्षांच्या संसारात एवढं नेमकं ते पहिल्यांदाच बोलले, म्हणून रागावले आणि गेले.

वाडीत पोचले तेव्हा ती चुलीशी होती. सासू उंबऱ्यात बसून खेकडे साफ करत होती. एकेक नांगी मोडताना कट् असा आवाज. सासूनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि सुनेला बोलीत काहीतरी विचारलं. ती मान खाली घालून हसली.

"काय म्हणाल्या?"

"इचारतेय, ही कोण. मी बोलले आमची बाई. मग इचारतेय, मारायला आली काय."

इथे माफी मागायची चांगली संधी होती. मी पिशवीतून उतारा काढला. मास्तरीण ती मास्तरीणच.

उतारा होता नदीवरच्या होडीचा. एका गावात पूल होतो. लेखक पुलाचं कौतुक करतो, आजारी माणसं आता वेळेवर पोचतात म्हणतो. मग जुन्या होडीची आठवण काढतो. होडी भरेपर्यंत काठावर थांबावं लागे. एक म्हातारी रोज उशिरा यायची, तरी होडीवाला तिला घेतल्याशिवाय होडी सोडत नसे. आता पुलावरून सगळे सुसाट जातात.

ती मोठ्यानं वाचायला लागली, अडखळत. सासूला कळावं म्हणून एकेक ओळ बोलीत सांगत होती. चार ओळी झाल्या तशी सासूनं नांगी मोडली आणि काहीतरी फटकारलं. पुढे त्या दोघी जे बोलल्या ते मला अर्धंच कळलं. उरलेलं तिनं मला नंतर मराठीत सांगितलं, ते असं.

"हे सगळं कशाला सांगतेस गो? माझे खेकडे राहिलेत. तो माणूस सांगतो काय ते बोल."

"पुलाचं सांगतो."

"पुलाचं काय?"

"पूल झाला."

"ते आमचाबी झालाय. मग?"

"मग लवकर जाता येतं."

"बरं हाय की. मग तो रडतो कशाला?"

ती थांबली. कागदाकडे बघितलं. पहिल्यांदाच मी तिला कागदाकडे असं बघताना बघितलं, खाली रेघ मारायला नाही, काहीतरी शोधायला. मला इतकं बोलायचं होतं, इतकं, की मी पदराचं टोक दातात धरलं.

"तो बोलतो, पूल बरा हाय. पण होडीच्या टायमाला माणसं एकमेकांसाठी थांबायची. आता कोण कोणासाठी थांबत नाय. ते गेलं त्याचं त्याला वाईट वाटतं."

"कशावरून?" सासू काही सहज मानणारी नव्हती.

"म्हातारी आल्याबिगर होडी सोडत नसे, असं लिवलंय. तेच तो दोन येळा सांगतो."

"मग हे आधी सांगायचं," सासू म्हणाली आणि पुढचा खेकडा उचलला.

मी तिथेच ओल्या पायरीवर बसले. जन्मभर मी पोरांना विचारत आले, उताऱ्याचा विषय कोणता, संदेश कोणता. ‘मग?’ असं कधी विचारलं नाही. ‘कशावरून?’ तर नाहीच. उत्तर मला आधीच ठाऊक असायचं, मग विचारायचं कशाला. त्या सासूला उत्तर ठाऊक नव्हतं आणि घाई होती. शिकवायला आणखी काय लागतं, ते मला एकसष्टाव्या वर्षी खेकड्यांच्या वासात कळलं. एकसष्ट म्हणजे तसं उशिराच. होडीसुद्धा एवढी थांबली नसती.

तिला म्हटलं, "उद्या ये." ती सासूकडे बघून म्हणाली, "येते."

त्यानंतर माळ्यावर गार्डला आम्ही सासू केलं. तो टोपी उलटी घालून बाकावर उकिडवा बसायचा, पेनं मोडल्यासारखी करायचा आणि कपाळाला आठ्या घालून विचारायचा, "मग?" ती सांगायची. "कशावरून?" ती ओळ दाखवायची. ओळ दाखवता आली नाही की तो म्हणायचा, "गेटपास नाय, आत सोडत नाय." विषय म्हणजे पूल आणि विचार म्हणजे पुलाबद्दल त्याला काय वाटतं, हा फरक मी आता फळ्यावर कितीदा लिहिला, पण तो उतरला तो त्याच्या ‘मग?’ मधून.

म्हणजे सगळं सोपं झालं असं समजू नका. निम्म्या वेळा ती चुकायची. कधी एवढंसं सांगायची, की उताऱ्याचा एकच परिच्छेद त्यात मावायचा. कधी एवढं मोठं सांगायची, की शेजारच्या तालुक्यातले उतारेही मावतील. झाडांवरचा एक उतारा होता. लेखकाचं म्हणणं एवढंच, की झाड लावणाऱ्यांचा फोटो छापून येतो, पाणी घालणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नसतं. तिनं लिहिलं, ‘निसर्ग जपला पाहिजे.’ वाक्य परत आलं होतं, नुसती साडी बदलून. मी खिडकीतून रस्त्यावर बोट दाखवलं. म्हटलं, तुझं वाक्य म्हणजे छत्री. उताऱ्यातला प्रत्येक परिच्छेद तिच्याखाली मावला पाहिजे. एखादा भिजत असेल तर छत्री लहान. आणि अख्खा बाजार खाली येऊन उभा राहिला तर ती छत्री नाही, मांडव. मी तुला मार्चमध्ये मांडव दिला होता.

तिनं एकेका परिच्छेदावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पाणी घालणारा भिजतोय." खोडलं आणि पुन्हा लिहिलं. बरोबर लिहिलं. तिनं वर बघितलं तेव्हा तिच्या तोंडावर आनंद नव्हता. म्हणाली, "बाई, हे येळेत व्हायचं नाय. एका उताऱ्याला माझा अर्धा तास जातो."

ते खरं होतं. पेपरात इतका वेळ कुठला. मी घड्याळ लावून बसायला लागले. घड्याळ लावलं की तिच्या कागदावर ‘माणसाने’ असा शब्द उमटायचा. मार्चच्या वाक्यातला तो पहिला शब्द दिसला की मी कागद ओढून घ्यायचे. कारण तो तिचा नव्हता. परीक्षेच्या आदल्या दिवशीही तो आला. गार्डनं कागद उचलला, वाचला, आणि टोपी सरळ घातली. त्या दिवशी परतताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. कंडक्टरनं दोनदा विचारलं कुठलं तिकीट.

पेपरच्या दिवशी मी फाटकाशी गेले नाही. ताकाची बाटली अपशकुनी वाटायला लागली होती. दुपारी तिचा फोन आला. म्हणाली, उतारा एका शिवणाऱ्या बाईचा होता. मी विचारलं, मग? ती म्हणाली, "लिवलं." कशावरून, असं विचारायचा मला धीर झाला नाही.

मग नुसती वाट बघणं. पुरवणीचा निकाल ऑगस्टच्या शेवटाला लागतो. त्याच्या आधीच, ऑगस्टच्या सुरुवातीला, ऑफिसातून तिला कागदपत्रं घेऊन बोलावलं. तिनं हॉलतिकीट नेलं, निकाल महिनाअखेर येतोय म्हणून सांगितलं. तिथला माणूस वाईट नव्हता. त्यानं बसायला खुर्ची दिली, आणि सांगितलं की आज हातात गुणपत्रक असेल तरच. जाहिरात निघाली. गावातल्या एका बी.ए. झालेल्या सुनेची निवड झाली. पुढच्याच आठवड्यात निकाल लागला. ती पास झाली. मराठीत नुसती पास नाही, चांगले मार्क पडले.

मार्चमध्ये तीन मार्क जास्त पडले असते तर ते गुणपत्रक त्या दिवशी तिच्या पिशवीत असतं. हा हिशेब मी इतक्या वेळा केला आहे, की आता तो मला पाढ्यासारखा पाठ झाला आहे.

सप्टेंबर लागताच मी पेणहून निघाले. मिठाईवाल्याकडे पेढे घेतले. ती पास झाली होती ना. एसटीत बसल्यावर वाटलं पेढे कसले नेतेस, म्हणून पिशवीत तळाशी घातले. वाडीत पोचले तेव्हा अंगणवाडी सुटत होती. नवी सेविका खुर्चीवर बसून मोबाइलवर पोरांची हजेरी भरत होती. दाराशी एक पोर रडत होतं आणि ती त्याच्याशी बोलीत बोलत त्याचा शर्ट सारखा करत होती. मला बघून म्हणाली, "या बाई, चहा ठेवते."

तिच्या ओट्यावर आम्ही दोघी बसलो. सासू आत झोपली होती. मी बोलायला लागले आणि थांबेना. म्हटलं, त्या मार्चच्या पेपराआधी मी असं करायला नको होतं. शाळेत आम्हाला असंच शिकवायची सवय होती. गठ्ठे किती असायचे तुला काय सांगू. मला झोप लागत नाही. मी त्या ऑफिसात येऊन भांडले असते, मला कळवायचं तरी. तुझ्यात हुशारी आहे, मी तुझी ही गत केली. माझे हे म्हणतात मी जेवत नाही. खरंच झोप लागत नाही मला. तू सध्या काय करायचं ठरवलंयस, पुढे बी.ए. कर, मी शिकवते, फी मी भरते. असं बरंच काही. चहा निवला. तिनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. डोळे माझ्यावरच होते, त्या दिवशी कागदावर होते तसे.

मी थांबल्यावर तिनं पेल्यावर आलेली साय बोटानं बाजूला केली आणि म्हणाली,

"बाई, तुम्ही इतका येळ बोललात त्याचा विषय माझी नोकरी हाय. पण तुमचं म्हणणं एवढंच हाय, का मी तुम्हाला माफ करावं. कशावरून, तर तुम्हाला झोप लागत नाय ते दोन येळा सांगितलंत, आणि मला लागते का ते एकदाबी इचारलं नाय."